पालथी बशी

मल्लेशमअण्णा गाजूल एकाहत्तर वर्षांचे होईपर्यंत रस्त्यात कधी ओकले नव्हते. त्या दिवशी ओकले. पोट बिघडलं नव्हतं, ऊनही फार नव्हतं. सोलापुरात अशोक चौकातल्या थांब्यावर ते बसची वाट बघत उभे होते. थांब्याच्या भिंतीवरच्या पडद्यावर एक बाई आली, तिनं 'गारवेल' नावाच्या पुदिना-बडीशेपेच्या मुखवासाची पुडी फाडली, हिरवे दाणे जिभेवर टाकले आणि डोळे मिटले. त्याच क्षणी अण्णांच्या मानेपासून कमरेपर्यंत शहारा गेला.

शहारा ओळखीचा होता. आधी डाव्या खांद्यावर कुणी थंड बोट ठेवल्यासारखं. मग छातीत एक ठोका चुकल्यासारखा. मग नाकात सुताच्या खळीचा आंबूस वास, आणि शेवटी डोळ्यांत पाणी. हे सगळं याच क्रमानं त्यांना जगात एकाच जागी व्हायचं: त्यांच्या आईच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर. आणि आता ते बडीशेपेच्या पुडीवर झालं होतं.

थांब्यावरची बाकीची नऊ-दहा माणसंही डोळे मिटून उभी होती. एका लठ्ठ गृहस्थाच्या तोंडातून लाळेची तार शर्टाच्या खिशापर्यंत लोंबत होती. सगळ्यांच्या अंगावर अण्णांच्या आईच्या गाण्याचा काटा उभा होता. अण्णांनी खांब धरला आणि गटारात ओकले.

पडद्यावरची बाई हसून म्हणाली, "मनाला भिडणारा गारवा."

ही किळस कुठून आली ते कळायला बशीपासून सुरुवात करावी लागेल.

हुसेन नदाफ पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. दात गेल्यावर बँड सुटला, पण घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी जुने टेप, जुने प्लेअर दुरुस्त करून मांडून ठेवले. दर रविवारी सकाळी तिथं तिघांची बैठक बसे: हुसेनभाई, मल्लेशमअण्णा आणि शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या बिराजदारबाई. प्रत्येकानं एक गाणं आणायचं. हुसेनभाई कधी कव्वाली आणत, कधी कुणा परदेशी माणसानं ट्रंपेटवर फुंकलेलं काहीतरी. अण्णा भारूड, तेलुगू नाटकातली पदं, हलगीचा निव्वळ ठेका, असं काहीही उचलून आणत. बिराजदारबाई मात्र बावीस वर्षं एकाच जातीचं संगीत आणत होत्या: थंड देशांतली केसाळ पोरं घशातून डुक्कर ओरडल्यासारखी ओरडतात आणि मागं गिटारी करवतीसारख्या चालतात, ते.

बैठकीचा नियम असा. गाणं आणणाऱ्यानं आधी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. गाणं संपलं की चहा येई. ज्याला गाणं आवडलं त्यानं बशीत चहा ओतून प्यायचा. ज्याला नाही आवडलं त्यानं बशी पालथी घालायची आणि कपानंच प्यायचा. कारण कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही, आणि राग तर धरायचाच नाही.

बिराजदारबाईंच्या डुकरांसाठी अण्णांनी अकरा वर्षं बशी पालथी घातली. मग एका रविवारी ढोलांचा मारा सुरू झाला आणि अण्णांना अचानक कारखान्यातली सकाळ ऐकू आली, चाळीस माग एका दमात सुरू होण्याची. त्यांनी मुकाट्यानं बशीत चहा ओतला.  त्या दिवशी जाताना अण्णांची पिशवी बाईंनी उचलून घेतली आणि कोपऱ्यापर्यंत आणून दिली.

अण्णांच्या आईचं गाणं हुसेनभाईंनीच कधीकाळी टेप केलेलं. म्हातारी रहाटावर सुताच्या कांड्या भरताना तेलुगूत गुणगुणायची. पाण्याला गेलेली लेक दिवेलागणीपर्यंत परत आली नाही, एवढीच गोष्ट. आवाज चिरका, रहाट कुरकुरतोय. तिसऱ्या कडव्यात म्हातारी मधेच थांबते. रहाटही थांबतो. सात-आठ सेकंद काहीच नाही. मग जिथं शब्द सोडला होता तिथूनच, त्याच सुरात, ती पुन्हा उचलते. अण्णांचा शहारा त्या सात-आठ सेकंदांतला. हुसेनभाईंनी स्वतः टेप केलेलं असूनही सहा वर्षं त्याच्यावर बशी पालथी घातली होती.

अण्णांची लेक पद्मजा 'पुलक' नावाच्या कंपनीत लागली. तिचं काम नमुने घेण्याचं. एका दुपारी ती घरी एक डबी घेऊन आली. डबीत कपाळाच्या टिकलीएवढ्या, मऊ, करड्या चकत्या होत्या. लहान पोराला दृष्ट लागू नये म्हणून कानामागं तीट लावतात, तशी ती चकती कानामागं चिकटवायची.

"नाना, हुसेनकाकांना तुमचं गाणं कळायला सहा वर्षं लागली," ती म्हणाली; वडिलांना ती तेलुगूतलं 'नाना' म्हणायची. "याच्यानं सहा सेकंदांत कळेल."

"सहा वर्षांत काय बिघडलं?"

"सहा वर्षं गेली की."

मग तिनं समजावून सांगितलं. मेंदूतून एक लांब नस निघते. तिचा एक बारका फाटा कानाला येतो, बाकीची नस खाली काळजाला आणि पुढं पोटापर्यंत जाते. गाण्यानं अंगावर काटा येतो तेव्हा त्या नसेत एका ठरावीक आकाराची लहर उठते. टिकली ती लहर टिपते, काळजाचा ठोका मोजते, कातडीचा घाम मोजते आणि सगळं मिळून त्या शहाऱ्याचा एक नकाशा तयार होतो. दुसऱ्याच्या कानामागच्या टिकलीनं तोच नकाशा उलटा चालवला की दुसऱ्याच्या अंगावर तोच काटा येतो.

अण्णांना हे लगेच समजलं. त्यांनी उभं आयुष्य चादरीच्या नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं पाडण्यात घालवलं होतं. भोक असेल तिथं धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. अशी हजार कार्डं ओळीनं शिवली की चादरीवर मोर उतरतो, आणि तीच कार्डं दुसऱ्या मागावर चढवली की तिथंही तोच मोर.

"म्हणजे शहाऱ्याची कार्डं," ते म्हणाले.

"अगदी बरोबर, नाना."

तिनं त्यांना टिकली लावली, आईची कॅसेट लावली, नमुना घेतला. मग स्वतःला टिकली लावून तो चालवला. लहानपणी ती कॅसेट लागली की पद्मजा कानावर हात ठेवून अंगणात पळायची. आज तिचे डोळे भरले. तिनं कितीतरी वर्षांनी अण्णांच्या खांद्यावर डोकं टेकलं. अण्णांनी तिनं सांगितलं तिथं तिथं सह्या केल्या.

पुढच्या रविवारी बैठकीत सगळ्यांच्या कानामागं टिकल्या आल्या. ज्यानं गाणं आणलं त्याच्या शहाऱ्याचा आधीच घेतलेला नमुना बाकीच्यांना जायचा. त्या दिवसापासून एकही बशी पालथी पडली नाही.

सुरुवातीला बरं वाटलं. तीन महिन्यांनी अण्णांना ते चहात सहा चमचे साखर घातल्यासारखं लागायला लागलं. डुकरं आवडत होती, कव्वाली आवडत होती, हुसेनभाईंनी मुद्दाम मस्करीत आणलेला किराणा दुकानाचा भोंगाही आवडला. जे आवडत होतं ते आपल्या तोंडात दुसऱ्यानं चावून टाकलेलं आहे, असं त्यांना वाटू लागलं.

एका रविवारी हुसेनभाईंची पाळी होती. त्यांनी कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि तिघंही डोळे मिटून बसले. अण्णांना सुंदर काटा आला. बिराजदारबाईंच्या गालावरून पाणी वाहिलं. दहा मिनिटांनी चहा आला, तिघांनी बशीत ओतला.

"आज फारच खोल गेलं," बाई नाक पुसत म्हणाल्या.

हुसेनभाई प्लेअरशी खुडबुड करत होते. त्यांनी आत बोट घातलं आणि तुटलेला रबराचा पट्टा बाहेर काढला.

"काय करालाव, भाई?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, कॅसेट फिरलीच नाही. गाणं लागलंच नव्हतं."

 बाईंनी बशीतल्या चहाकडं बघितलं.

"मग मी रडले कशावर?" त्या म्हणाल्या.

त्यांनी बशी खाली ठेवली, दोन बोटांनी कानामागची टिकली खरवडून काढली आणि चहात टाकली. टिकलीच्या गोंदाचा तवंग चहावर पसरला, नाक शिंकरल्यावर रुमालावर दिसतो तसा. अण्णांना तो तवंग पुढं कितीतरी दिवस दर कपात दिसत राहिला. बाईंनी बैठकीला येणं सोडलं. अण्णांनी टिकली काढली नाही, कारण पद्मजाला वाईट वाटलं असतं. म्हणून ती थांब्यावरही, तोवर अर्ध्या शहराच्या होती तशी, त्यांच्या कानामागं होती. थांब्यावर ती जाहिरातीचे शहारे आपणहून पकडते हे त्यांना माहीत नव्हतं.

गटारावरून उठून अण्णा थेट घरी आले. पद्मजा जेवत होती.

"माझा शहारा बडीशेपेवर का येतो?"

तिनं घास खाली ठेवला. "करारात आहे, नाना. गाणं कुणी वापरलेलं नाही. नुसता शहारा. तुमचा नमुना सगळ्या शहरात सगळ्यात स्वच्छ निघाला. आमचे साहेब, केदारसर, म्हणाले, असा नमुना लाखात एक."

"तू ते गाणं ऐकलंस त्या दिवशी?"

"ऐकलं की. रडले नाही का मी?"

"तिसऱ्या कडव्यात काय होतं?"

तिनं थोडा विचार केला. "रडू येतं," ती म्हणाली.

अण्णांनी टिकली काढून दाराबाहेर फेकली आणि कॅसेट लावली. नुसती, कानानं ऐकायला. म्हातारीचा आवाज आला, रहाट कुरकुरला. तिसरं कडवं आलं, म्हातारी थांबली. अण्णांच्या खांद्यावर थंड बोट आलं, ठोका चुकला, आणि खळीच्या वासाच्या जागी तोंडात पुदिना उतरला. गुळगुळीत, गोड, दुसऱ्याच्या लाळेसारखा. त्यामागून लठ्ठ गृहस्थाची लोंबणारी तार आली. अण्णा मोरीकडं धावले.

पद्मजानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ती घाबरली होती. तिनं हळू आवाजात सांगितलं की आठवण बाहेर काढली की ती काही वेळ ओली असते. त्या वेळात जे तिला चिकटेल ते आत जाऊन तिच्याबरोबरच वाळतं. थांब्यावर शहाऱ्यानं आई आठवली, ती ओली होती, आणि समोर पुडी होती.

खळ दिलेला उभ्या धाग्यांचा ताणा ओला असताना त्याच्यावर माशी बसली, तर चादर विणून, धुऊन, घडी घालून झाली तरी माशी तिथंच असते. अण्णांनी अशा चादरी पाहिल्या होत्या.

"हे चिकटलेलं निघतं का?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा पुन्हा नुसतं ऐकलं तर. कदाचित. वेळ लागतो."

नोव्हेंबरात कंपनीला अडचण आली. एकच शहारा रोज आला की नस त्याला सरावते. लोक पुडी बघून आता नुसती मान हलवत. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत गारवेलची नवी पुडी यायची होती, मैदानात वीस हजार माणसं एकाच वेळी ती फोडणार होती. त्यासाठी त्याच झऱ्याचं ताजं पाणी, म्हणजे अण्णांचाच नवा नमुना हवा, असं केदारसरांचं म्हणणं. ते स्वतः घरी आले. पस्तिशीचा, गोड बोलणारा माणूस, तोंडात सतत गारवेल. बोलताना हिरवा कण खालच्या ओठावर येऊन बसायचा आणि जीभ येऊन त्याला घेऊन जायची. अण्णांना दुसरीकडं बघता येईना.

"काका, तुमच्या मातोश्रींना केवढा मोठा सन्मान आहे हा," सर म्हणाले.

ते गेल्यावर पद्मजा म्हणाली, "नाना, नाही म्हणालात तर नमुना विभाग बंद करतील. मी तुम्हाला आणीन असं सांगून बसलेय."

"मला आता त्या गाण्यानं मळमळतं. तू बघितलंस."

"सुरुवातीचा शहारा येतो ना? मग झालं. यंत्र पहिली बारा सेकंदं जुन्या नमुन्याशी ताडून बघतं. जुळलं की पुढं जातं."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. नव्या नक्षीची कार्डं कारखान्यात चढवण्याआधी एक हात कापड शेवटच्या कार्डापर्यंत विणून बघायचं, हे त्यांच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नसे. मोराची मान बरोबर आली म्हणून पिसारा बरोबर येईल असं कुणी धरत नसे.

"शेवटपर्यंत विणून बघत नाही तुम्ही?"

"वेळ नसतो, नाना."

"आणि ही नस पोटापर्यंत जाते म्हणालीस."

"हो. का?"

तिनं विचारलं होतं. अण्णांनी सांगायला हवं होतं. त्यांनी लेकीच्या थकलेल्या तोंडाकडं बघितलं, थांब्यावरची तार आठवली आणि म्हणाले, "काही नाही. येतो मी."

कंपनीत त्यांना गादीच्या खुर्चीत बसवलं. गाणं लागलं. अण्णांनी काही खोटं केलं नाही, चेहरा ओढला नाही. आई थांबली. थंड बोट आलं, ठोका चुकला, बारा सेकंदं जुन्या नमुन्याशी जुळली, आणि भिंतीवर हिरवा दिवा लागला. त्यानंतर पुदिना आला, तार आली, केदारसरांच्या ओठावरचा कण आला. अण्णांनी तेही सगळं येऊ दिलं. मळमळ गळ्याशी आली तेव्हा त्यांनी दात आवळले आणि घोट परत गिळला. टिकलीनं तोही टिपला.

जत्रेच्या मैदानात संध्याकाळी चार वाजता मोठ्या पडद्यावर आकडे उलटे मोजले गेले. अण्णा पाळण्यांच्या बाजूला उभे होते, कान मोकळे. वीस हजार पुड्या एकदम फाटल्या, वाळल्या पानांतून जनावर जावं तसा आवाज झाला. लोकांनी डोळे मिटले. बारा सेकंदं मैदान इतकं शांत होतं की पाळण्याच्या साखळ्या ऐकू येत होत्या.

मग पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला.

अण्णांना वाटलं होतं की बघून समाधान होईल. तसं काही झालं नाही. शेजारच्यानं शेजारच्याच्या चपलेवर टाकलं, भज्यांच्या गाड्यावरचा माणूस कढईत वाकला, लाल सूट घातलेला निवेदक ध्वनिक्षेपक हातात धरूनच ओकला आणि तो आवाज दहा पटीनं सगळ्या मैदानाला ऐकू गेला. हिरवे दाणे सगळीकडं, धुळीत, केसांत, नव्या बुटांत. पुदिन्याचा आणि पोटाचा मिळून एक वास वर आला. माणसं एकमेकांना धरून कानामागचं कातडं ओरबाडत होती. त्यांत व्यासपीठाच्या पायरीवर गुडघे टेकून पद्मजाही होती. हे कार्ड अण्णांनी पाडलं होतं. त्यांना त्या लोकांची किळस आली आणि त्याहून जास्त स्वतःची.

ते गर्दीतून गेले आणि लेकीचं कपाळ धरलं. लहानपणी धरायचे तसं.

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं. "मुद्दाम केलंत?"

"मी नुसता बसलो. पण काय होणार ते मला माहीत होतं. आणि तू विचारलंस तेव्हा सांगितलं नाही."

ती उठून आत गेली. तिचा विभाग बंद झाला, गारवेल बाजारातून उठलं. टिकल्या काही दिवस गटारांच्या जाळ्यांवर चिकटलेल्या दिसत. पद्मजा दुसऱ्या कामाला लागली, वेळेवर जेवण वाढत राहिली, पण फेब्रुवारी संपेपर्यंत अण्णांशी गरजेपलीकडं बोलली नाही.

मार्चमधल्या एका रविवारी अण्णा कॅसेट घेऊन हुसेनभाईंकडं गेले. बिराजदारबाई आल्या होत्या, त्यांना हुसेनभाईंनी स्वतः जाऊन आणलं होतं. प्लेअरला नवा पट्टा होता. अण्णा बसतात तोच दारात पद्मजा दिसली.

"मीही बसू का?"

"बस की," हुसेनभाई म्हणाले. "पण गाणं आणावं लागतं, पोरी."

"पुढच्या वेळी आणीन."

गाणं लागलं. चौघंही आपापल्या कानांनी ऐकत बसले. तिसऱ्या कडव्याला अण्णांना पुदिना आला, पण थोडा उशिरा आला. त्याच्या आधी, अगदी निसटता, खळीचा वास येऊन गेला. त्यांनी घोट गिळला आणि बसून राहिले.

चहा आला. हुसेनभाईंच्याही तोंडात पुदिनाच आला असावा; त्यांनी थोडा वेळ बशी हातात फिरवली आणि पालथी घातली. बाईंनीही पालथी घातली. अण्णांनी आपल्याच गाण्यावर आपलीच बशी पालथी घातली. असं बैठकीत पूर्वी कधी झालं नव्हतं. मग सगळ्यांनी पद्मजाकडं बघितलं. तिला कुणी नियम सांगितला नव्हता, पण तिनं तिघांच्या बश्या बघितल्या, थोडी थांबली आणि आपली बशी उलटी करून ठेवली. तिचा चेहरा लहानपणी अंगणात पळताना असायचा तसा झाला होता.

अण्णांना फार बरं वाटलं. "पुढच्या रविवारी परत आणतो," ते म्हणाले.

"आणा की," बिराजदारबाई म्हणाल्या. "माझी अकरा वर्षं गेली तुमच्यापायी."

पद्मजानं कप तोंडाला लावला आणि तसाच परत खाली ठेवला.

"नाना, ती आजी मधेच थांबते ना, रहाटही थांबतो. ते का?"

"धागा तुटला होता," अण्णा म्हणाले. "गाठ मारत होती."